बिऱ्हाड हलविण्यापूर्वी : शिरूर, दौंड आणि आपली प्रकृती

पुण्यातील दोन खोल्यांचे भाडे एका बाजूस आणि शिरूर किंवा दौंड येथील स्वतःच्या घराचा हप्ता दुसऱ्या बाजूस मांडून पाहणारी कुटुंबे आता पुष्कळ आढळतात. कदाचित आपणही त्यांपैकी एक असाल. हिशेब बहुधा लहान शहराच्या बाजूने लागतो आणि घरात उत्साह संचारतो. मोकळी हवा, ताजी भाजी, मुलांना अंगण, वडिलांना फेरफटक्यास जागा, अशी यादी तयार होते. यादीतील बऱ्याच गोष्टी खऱ्याही असतात. परंतु घराबरोबर कुटुंबाची दिनचर्या, पिण्याचे पाणी, झोप आणि दवाखान्याचे अंतर हेही बदलते, आणि त्याची नोंद बँकेच्या कागदांत कोठेच नसते. ती नोंद येथे करावयाची आहे.

पूर्वी दीर्घ दुखण्यातून उठलेल्या माणसास डॉक्टर हवापालट सुचवीत. माणूस दोन महिने कोठेतरी जाई, जेवणखाण व विश्रांती वेळेवर घेई आणि टवटवीत होऊन परते. त्यात हवेचा वाटा किती आणि विश्रांतीचा किती, याची चिकित्सा कोणी करीत नसे. आज परवडते म्हणून केलेल्या स्थलांतरास आपण मनातल्या मनात हवापालटाचे नाव देतो. येथेच पहिली गफलत होते. कारण या स्थलांतरात विश्रांती वाढत नाही, ती बहुधा घटते.

दोन्ही गावांची जात मात्र समजून घेण्यासारखी आहे. शिरूर घोड नदीच्या काठी वसलेले असून जुनी माणसे अजून त्याला घोडनदीच म्हणतात. इंग्रजी अमदानीच्या आरंभी येथे लष्कराची छावणी होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमाच्या लढाईत उतरलेली कॅप्टन स्टॉन्टन याची तुकडी आदल्या रात्री येथूनच निघाली होती. आज हे गाव पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील बाजारपेठ असून रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर येथील कारखान्यांच्या भरवशावर वाढते आहे. दौंड भीमेच्या काठी. ते रेल्वेने घडविले. १८७८ साली दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि पुढे बारामतीचा फाटा निघाला, तेव्हापासून दौंड म्हणजे जंक्शन. राज्य राखीव पोलीस दलाचे तळही येथे आहेत. त्यामुळे बदलीवर आलेली, निरनिराळ्या प्रांतांतली, निरनिराळी भाषा बोलणारी माणसे दौंडला नवी नाहीत. २०११ च्या जनगणनेत दौंडची लोकसंख्या ५० हजारांच्या आसपास आणि शिरूरची ४० हजारांच्या आत होती. तेथे आज फिरताना ती कितीतरी पुढे गेली असावी असे सहज जाणवते. दोन्ही गावांत नदीवरचा पूल ओलांडला की अहिल्यानगर जिल्हा लागतो. ही गोष्ट नकाशावर क्षुल्लक वाटते, पण रुग्णाला घेऊन निघताना तिचा उपयोग होतो. त्याकडे पुढे येऊ.

एकाच घरातील चार मते

स्थलांतर केलेल्या कुटुंबाला ‘कसे वाटते?’ असे विचारावे, तर एका घरातून चार उत्तरे येतात. लहान मुले बहुधा खूश असतात. खेळायला जागा मिळालेली असते, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असते. नोकरीसाठी रोज पुण्यास जाणारा माणूस हप्ता कमी झाल्याचे समाधान सांगतो आणि पाठ दुखते हेही सांगतो. सासूबाईंना जुन्या पेठेतील भजनी मंडळ आठवते. आणि सर्वांत कमी बोलते ती घरातील सून. तिची पुण्यातील नोकरी बहुधा स्थलांतरात सुटलेली असते, माहेर लांब गेलेले असते आणि पती रात्री नऊला घरी येतो. ‘बरे आहे, शांत आहे’ असे ती म्हणते, तेव्हा शेजारणीने आणि घरच्यांनीही त्या शांततेचा अर्थ एकदा नीट विचारून घ्यावा. झोप न लागणे, कारणावाचून रडू येणे, सतत थकवा, जेवणावरून मन उडणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर त्याला ‘नव्या गावाची सवय नाही’ एवढेच म्हणून सोडू नये. विशेषतः बाळंतपण नुकतेच झाले असेल तर मुळीच नाही. डॉक्टरांस भेटावे.

माझ्या मते, घर घेण्याचा निर्णय करताना सर्वांत अधिक वजन त्या व्यक्तीच्या मताला द्यावे, जी चोवीस तास त्या घरात राहणार आहे. व्यवहारात मात्र ते वजन जी व्यक्ती फक्त झोपायला घरी येणार असते तिच्या मताला मिळते.

रस्त्यावर जाणारे आयुष्य

शिरूर पुण्यापासून सुमारे ६७ किलोमीटर. दौंड रेल्वेने ७५ किलोमीटरच्या आसपास. अंतरे जवळपास सारखी, पण प्रवास अगदी निराळा. शिरूरला रेल्वे नाही. एस.टी., कंपनीची बस अथवा स्वतःचे वाहन हेच मार्ग. आणि शिक्रापूर ते वाघोली या पट्ट्यातील कोंडी वेळेचे सर्व अंदाज चुकविते. दौंडकरांना गाडी आहे. पुणे–दौंड मार्गाचे विद्युतीकरण होऊन २०१७ मध्ये डेमू गाड्या सुरू झाल्या, तरी पुण्या-लोणावळ्यासारखी नियमित लोकल मिळावी ही मागणी जुनीच राहिली आहे. दौंडच्या नोकरदाराच्या घरात घड्याळ गाडीच्या वेळेवर लावलेले असते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

घर ते कचेरी आणि परत, असे रोज चार तास धरले, तर वर्षाच्या २८० कामाच्या दिवसांत ते १,१२० तास होतात. हे तास बहुधा झोपेतून, व्यायामातून आणि मुलांबरोबरच्या वेळेतून वजा होतात. पहाटे पाचला उठणे, डबा दीडला, रात्रीचे जेवण साडेनऊला आणि लगेच अंथरूण, ही दिनचर्या वजन, रक्तदाब व आम्लपित्त यांना आमंत्रण देणारी आहे. मधुमेह्यांनी तर विशेष सावध असावे. काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबले की रक्तातील साखर एकाएकी उतरते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणे असंबद्ध होते. गाडी उरुळीला सिग्नलवर अर्धा तास थांबली, तर डबा कधी उघडायचा हे आधीच ठरलेले असावे, आणि खिशात खडीसाखर किंवा गुळाचा खडा असावाच. (दौंड तालुका गुऱ्हाळांचा, गुळाची वाण पडू नये.) औषधांच्या वेळा नव्या दिनचर्येनुसार डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात, आपल्या मनाने नव्हे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगावयास हवी, कारण ती कोणी उघडपणे सांगत नाही. प्रवासात स्वच्छतागृहाची सोय होणार नाही या भयाने कित्येक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात याचा परिणाम मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, डोकेदुखी आणि बद्धकोष्ठता यांत होतो. कामाच्या जागी पोहोचताच व दुपारभर पाणी पिऊन ही तूट भरून काढावी. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

रांजणगाव किंवा कुरकुंभ येथेच नोकरी असणाऱ्यांना हा प्रवास चुकतो आणि त्यांच्यासाठी स्थलांतराचा हिशेब खरोखरच आरोग्याच्या बाजूने लागतो. त्यांची अडचण वेगळी, पाळ्यांची. रात्रपाळी करून आलेल्या माणसास दिवसा अंधार व शांतता असलेली खोली लागते. घर पाहताना पश्चिमेची गॅलरी किती मोठी आहे याची चौकशी सर्व जण करतात. दुपारी बाराला झोपण्याची खोली किती तापते, हे कोणी पाहत नाही. दौंडला रेल्वेच्या रुळांजवळ घर असेल तर एक रात्र तेथे झोपून पाहावे. आवाजाची सवय होते हे खरे, पण सर्वांनाच होते असे नाही.

पाणी : चवीवरून ठरवू नका

शिरूर व दौंड हे पर्जन्यछायेतील तालुके आहेत. वर्षाचे पाऊसमान सुमारे ५०० मिलिमीटर. तरीही कालव्यांच्या पाण्यामुळे सर्वत्र ऊस दिसतो. खडकवासल्याचा कालवा दौंड तालुक्यातून जातो, चासकमानचे पाणी शिरूरला येते. नगरपरिषदेच्या नळाचे शुद्ध केलेले पाणी मिळणाऱ्या जुन्या वस्तीत काळजी कमी. परंतु नव्या गृहसंकुलांपैकी पुष्कळ गावाच्या हद्दीबाहेर, शेतजमिनीवर उभी राहत आहेत आणि तेथे भिस्त कूपनलिकेवर व टँकरवर असते.

यात एक विचित्र योगायोग आहे. पुण्याचे सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते आणि भीमा पुढे दौंडवरून उजनीकडे जाते. म्हणजे पुण्याचा गोंगाट सोडून आपण येथे आलो, तरी पुण्याचे मैलापाणी आपल्या आधीच येथे येऊन पोहोचलेले असते. नदीकाठच्या गावांतील लोक जलपर्णी, डास आणि विहिरींच्या पाण्याविषयी जो त्रागा करतात, तो ऐकताना आपण पुणेकर होतो हे विसरू नये.

कूपनलिकेचे पाणी निर्मळ दिसते, पुष्कळदा चवीलाही बरे लागते. आणि दोष मात्र डोळ्यांना व जिभेला न कळणारे असतात. ऊसपट्ट्यात रासायनिक खते आणि सांडपाणी यांमुळे भूजलात नायट्रेट वाढण्याचा धोका असतो. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये, असे भारतीय मानक आहे. सहा महिन्यांहून लहान बाळास असे पाणी घालून वरचे दूध दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते आणि बाळ निळसर पडू लागते. येथे घरोघरी एक चूक होते. पाण्याविषयी शंका आली की आपण ते उकळतो. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. म्हणून अशा ठिकाणी सहा महिन्यांपर्यंत बाळास केवळ आईचे दूध द्यावे, त्याला वरच्या पाण्याची गरजच नसते. वरचे दूध देणे अपरिहार्य असेल तर तपासलेलेच पाणी वापरावे.

फ्लोराइडची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. विरघळलेल्या एकूण क्षारांची इष्ट मर्यादा ५०० आणि पर्याय नसताना २,०००. हे आकडे लक्षात ठेवण्याचे कारण एवढेच की, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकावयास आलेला माणूस हातातील छोट्या मापकावर ७०० आकडा दाखवून आपणांस घाबरवील. तो मापक फक्त क्षारांचे एकूण प्रमाण सांगतो. त्यात नायट्रेट किती, जंतू किती, हे त्याला कळत नाही. पाण्याचा नमुना शासकीय प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, अशी दोनदा तपासणी करावी, कारण दोन्ही वेळचे पाणी सारखे नसते. यंत्र बसवायचे की नाही, आणि कोणते, हे त्या अहवालावरून ठरवावे.

जड पाण्याने मुतखडा होतो ही समजूत या भागात सार्वत्रिक आहे. तिला भक्कम शास्त्रीय आधार नाही. चाळीस अंशांच्या उन्हात घाम भरपूर जाणे आणि पाणी कमी पिणे, ही कारणे अधिक महत्त्वाची. एकदा खडा होऊन गेलेल्या माणसाने दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असे तज्ज्ञ सांगतात. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावे.

रात्री दोन वाजता

घर पाहताना आपण बाजार किती लांब, शाळा किती लांब, हे विचारतो. त्याऐवजी प्रथम विचारावा असा प्रश्न हा आहे : रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखू लागले, तर कोठे जायचे?

दौंडला उपजिल्हा रुग्णालय आणि शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे, दोन्ही गावांत खाजगी दवाखानेही पुष्कळ आहेत. ताप, जुलाब, बाळंतपण, हाड मोडणे, यांसाठी पुण्याला धावण्याची गरज नसते. प्रश्न येतो तो मिनिटांवर अवलंबून असणाऱ्या दुखण्यांचा. हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेली रक्तवाहिनी जितक्या लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. पक्षाघातात गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच, आणि तेही मेंदूचे सी.टी. स्कॅन करूनच देता येते. शिरूर किंवा दौंडहून हडपसर-खराडीच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत दीड-दोन तास सहज जातात. ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणून चार तास घरीच घालविले, तर पुढे कितीही चांगले रुग्णालय असून उपयोग मर्यादित राहतो.

म्हणून घरातील कोणास हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असेल, तर घराचा व्यवहार करण्यापूर्वी काही चौकशी प्रत्यक्ष जाऊन करावी. रात्री ई.सी.जी. काढून तो वाचणारा डॉक्टर कोठे मिळतो? गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन तेथेच देऊन मग पुढे पाठविण्याची सोय आहे काय? चोवीस तास चालणारे सी.टी. स्कॅन सर्वांत जवळ कोठे आहे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते जवळचे रुग्णालय आहे? आणि येथेच त्या जिल्ह्याच्या सीमेची आठवण ठेवावी. शिरूरहून पुण्याची वाट कोंडलेली असेल तेव्हा अहिल्यानगरचा रस्ता मोकळा असू शकतो. दौंडहून बारामती जवळ आहे आणि तेथे २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ‘मोठे दुखणे म्हणजे पुणे’ हे समीकरण पुण्याहून आलेल्या माणसाच्या डोक्यात इतके पक्के असते की जवळची दिशा सुचतच नाही.

दौंडमध्ये आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : घर रुळांच्या कोणत्या बाजूस? रेल्वेमुळे गावाचे दोन भाग पडले आहेत आणि कुरकुंभ मोरीतली कोंडी व पावसाळ्यात तेथे साचणारे पाणी हा दौंडकरांच्या संभाषणातील कायमचा विषय आहे. रुग्णवाहिका कोणत्या वाटेने येईल, हे आधी पाहून ठेवावे. १०८ क्रमांक घरातील लहानांसह सर्वांना पाठ असावा, आणि पत्ता सांगताना उपयोगी पडेल अशी जवळची खूण ठरलेली असावी. नव्या संकुलांची भारदस्त नावे रुग्णवाहिकेच्या चालकास ठाऊक नसतात. पेट्रोल पंप आणि मंदिर ठाऊक असते.

आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, कर्करोगाचे चालू उपचार किंवा जोखमीची गरोदरावस्था घरात असेल, तर माझा स्पष्ट सल्ला असा की, तो काळ संपेपर्यंत बिऱ्हाड हलवू नये.

ऊस, धूर आणि बिबट्या

मोकळी हवा सर्वत्र मोकळी नसते. गळीत हंगामात पाचट जाळल्याचा धूर आणि धुराड्यांची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसते. काही गुऱ्हाळांत प्लॅस्टिक व टायर जाळल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून येत असतात. कुरकुंभची औद्योगिक वसाहत रसायनांची आहे. २०१९ मध्ये तेथील एका कारखान्यास आग लागली तेव्हा आसपासच्या लोकांना रात्री घरे सोडावी लागली होती. दमेकरी माणूस घरात असेल तर हिवाळ्यातील पहाटे, हवा स्थिर असताना, त्या जागी जाऊन उभे राहावे. दुपारी जागा पाहून काही कळत नाही. पडीक भूखंडांवरील गाजर गवत हा आणखी एक शत्रू. १९५५ च्या सुमारास भारतात प्रथम पुण्यातच त्याची नोंद झाली, त्यामुळे पुणेकरांना तक्रारीचा फारसा अधिकार नाही.

उसाच्या कडेला बंगल्यासाठी जागा घेणाऱ्यांनी सापाचा आणि बिबट्याचा विचार गंभीरपणे करावा. मण्यार रात्री घरात शिरते, तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. जमिनीवर झोपू नये, मच्छरदाणी गादीखाली खोचावी. दंश झाल्यास चिरा देणे, घट्ट दोरी बांधणे यांत वेळ न घालविता, तो अवयव न हलविता सरळ रुग्णालय गाठावे. बिबट्याविषयी शिरूर तालुक्यात आता कोणी थट्टेने बोलत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे दगावली. ऊसतोडणी सुरू झाली की त्याचा आसरा जातो आणि तो वस्तीकडे सरकतो. अंधार पडल्यावर मुले अंगणात एकटी नकोत, घराच्या मागे दिवा हवा, उकिरडा व मोकाट कुत्री घराजवळ नकोत. शहरातून आलेला माणूस हौसेने कुत्रा पाळतो आणि त्यास रात्री बाहेर बांधतो. बिबट्यास याहून सोपे निमंत्रण नाही.

गावात, दाट वस्तीत राहणाऱ्यांना ही भीती फारशी नाही. दौंडच्या जुन्या भागात किंवा शिरूरच्या बाजारपेठेजवळ घर घेतले तर अंगण मिळत नाही. पण वाणी, डॉक्टर, औषधाचे दुकान आणि दारात थांबून विचारपूस करणारी माणसे मिळतात. वृद्धांना यांपैकी काय अधिक लागते, याचा विचार त्यांच्याच तोंडून ऐकावा. सत्तरीतल्या माणसाला गावाबाहेरचा प्रशस्त बंगला म्हणजे पुष्कळदा एकांतवास ठरतो, कारण रिक्षावाचून त्याला कोठेच जाता येत नाही आणि रिक्षा तेथे येत नाही.

जागा विकत घेण्याआधी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहून पाहावे, आणि त्या अकरा महिन्यांत मे महिना यावा अशी योजना करावी. पुण्याच्या डॉक्टरांकडून सर्व कागद, चालू औषधांची नावे व मात्रा लिहून आणाव्यात आणि पहिल्याच आठवड्यात, काही दुखत नसताना, नव्या गावातील एका डॉक्टरांस ते दाखवून यावे. जागा पाहावयास रविवारी मोटारीने जाण्यापेक्षा एखाद्या सोमवारी पहाटेच्या गाडीने पुण्यास जाऊन संध्याकाळच्या गाडीने, गर्दीत उभे राहून, परत यावे. घरी पोहोचल्यावर किती वाजले आणि भूक उरली आहे काय, ते पाहावे.